नावं न सांगता मदत करून गेलेल्यांचे आभार

शिकागोच्या दक्षिण भागातल्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना जेंबे (हाताने वाजवायचा पश्चिम आफ्रिकी ढोल) आणि नाच शिकवताना ज्यांचा हात लागला, त्या सर्वांचे मनापासून आभार.

सगळ्यात आधी, देणगीतले ढिले जेंबे ताणून देणाऱ्यांचे. आडवी दोरी दोन उभ्या दोऱ्यांखालून न्यायची, एकीवरून मागे आणायची, तिच्याखालून काढून ओढायची. दोन्ही पलटल्या की कातडं ताणलं जाऊन सूर चढतो. हे पोरांच्या हातून करून घेतलंत, म्हणून आता ती आम्हाला विचारत नाहीत. हिवाळ्यात वाद्यं हीटरपासून लांब हलवणारे सफाई कामगारदादा, बकऱ्याचं कातडं कोरड्या हवेत आपोआप ताणून फाटतं, हे तुम्ही न सांगता ओळखलंत! अंगठ्या काढून ठेवायला दारात डबाही तुमचाच.

डुनडुनची, म्हणजे काठीने वाजवायच्या साथीच्या ढोलांची, तिन्ही अंगं, केनकेनी, सांगबान आणि डुनडुनबा, दर आठवड्याला येऊन धरणाऱ्यांचे ऋण मोठं. तो पाया नसला की गिनीचा कुकू हा नाचाचा ताल पळत सुटतो. जेंबे पुढे झुकवून धरा, तळ जमिनीला टेकला की खर्ज मरतो, हे तुम्ही न कंटाळता सांगितलंत. मुलांना स्लॅपचीच, म्हणजे कडक तीक्ष्ण थापेचीच हौस, आणि हात दुखतो तोही त्यानेच. टोन, म्हणजे साधी गोल थाप, पक्का झाल्याशिवाय स्लॅप नाही, ही तुमची अट योग्यच.

कमरेची कापडं नेसवणाऱ्या ताईंनो, गुडघे वाकवून नाचताना एकही सुटलं नाही. आणि मुख्य जेंबेचा इशारा आल्यावरच पाऊल बदलायचं, हे मागच्या रांगेलाही तुमच्यामुळेच कळलं.