माझ्या शांताचा स्वल्पविराम विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

परवा दिवाळी अंक पोस्टानं आला. पाकीट फोडलं, माझ्या कथेचं पान काढलं आणि सगळ्यात आधी ती एक ओळ शोधली. "दव पडून रायलं ना, बाप्पा. मी झोपू कशी?" ओळ होती, जशीच्या तशी होती. मला रडू आवरलं नाही. घरच्यांना वाटलं, कथा छापून आल्याचा आनंद आहे. आनंद होताच, पण रडू आलं ते तुमच्यामुळे, माझ्या कथेची प्रुफं तपासणाऱ्या माणसामुळे.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण कथा कशी लिहावी हे शिकवणाऱ्यांचे सत्कार होतात आणि कथा नीट वाचणाऱ्या माणसाचा कुणी उल्लेखही करत नाही.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शांताचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, म्हणून कापसानं भरलेली बंडी, म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, घेऊन ती एकटीच सरकारी खरेदी केंद्रावर जाते. रांग हलत नाही, रात्र तिथेच काढावी लागते. कापसात ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे पैसे कापले जातात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल घेतच नाहीत, हे आमच्या अकोट भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शांताचा कापूस दुपारी खणखणीत कोरडा असतो. रात्री दव पडायला लागतं. ती अंगावरची गोधडी काढून कापसावर पसरते आणि स्वतः कुडकुडत बंडीच्या चाकाला टेकून बसते. एवढीच गोष्ट आहे.

हीच कथा घेऊन मी एका कथालेखन कार्यशाळेला गेले होते. फळ्यावर कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषाशैली असे घटक लिहिलेले होते. बारावीच्या मराठीच्या पुस्तकात मुलं हेच शिकतात आणि त्यात खोटं काहीच नाही. कथेत माणूस लागतो, त्याला काहीतरी हवं असावं लागतं, ते सहज मिळता कामा नये, हे सगळं मला मान्य आहे. पण मार्गदर्शकांनी माझी कथा त्या रकान्यांत बसवायला घेतली. "संघर्ष कुठे आहे? खलनायक कोण?" मग तेच म्हणाले, ग्रेडरला, म्हणजे केंद्रावर कापसाची प्रत ठरवणाऱ्याला, लाचखाऊ करा. शेवट तर त्यांना अजिबात पटला नाही. कलाटणी हवी होती. पहाटे शांताला निरोप यावा की नवऱ्यानं गळफास घेतला. वर्गातल्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

काका, ते वाक्य मला आजही विसरता येत नाही. मी विदर्भातली, म्हणून माझ्या कथेच्या शेवटी मरण हवंच. आमच्या गावात ते मरण ज्या घरात येतं, तिथे ते कथेला वजन आणण्यासाठी येत नाही. त्या घरातल्या बाईला दुसऱ्या दिवशी गुरांना पाणी पाजावं लागतं.

पुढे एका स्पर्धेच्या परीक्षकांनी कळवलं की संवाद प्रमाण मराठीत केले तर विचार करता येईल, वाचकांना वऱ्हाडी समजत नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली. तिच्यातली कौतिक वऱ्हाडीतच बोलते आणि ती साऱ्या महाराष्ट्राला कळली. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' आली. तिथेही निवेदन साध्या मराठीत आहे आणि माणसं तोंड उघडतात ती आपापल्या बोलीत. वाचकाला इतकी वर्षं कळत आलंय. शांता बोलायला लागली तेव्हाच ते कसं कळेनासं झालं, हे मला कुणी सांगितलं नाही.

अखेर एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा घेतली, त्यांचे आभार मी वेगळे मानले आहेत. पण प्रुफं तुमच्याकडे गेली आणि एका संध्याकाळी तुमचा फोन आला. मुद्रितशोधकाचा फोन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची शंका असणार, असं मी धरून चालले होते. तुम्ही विचारलंत, "ताई, कापूस ओला झाला तर त्याचं वजन वाढेल ना? मग या बाईला बरंच वाटायला हवं. ती का घाबरते?"

तुमचं सगळं आयुष्य पुण्यात छापखान्यांच्या सहवासात गेलेलं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या दारात उभं राहायची वेळ तुमच्यावर कधी आली नाही. तुम्हाला माहीत नव्हतं आणि तुम्ही विचारलंत. मी तुम्हाला ओलावा मोजायचं यंत्र सांगितलं, टक्के सांगितले, कपात सांगितली. तुम्ही थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, "म्हणजे रात्रच तिच्या विरोधात आहे."

त्या एका वाक्यानं माझ्या मनातली किती वर्षांची अढी सुटली म्हणून सांगू! संघर्ष कुठे आहे, असं विचारून ज्यांनी मला भरल्या वर्गासमोर उभं केलं होतं, त्यांना जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं. खलनायक लागतच नव्हता. वातावरण हा कथेचा पडदा नसतो, तेच कधी कधी माणसाच्या अंगावर येतं. माझ्या कथेत ते दवाच्या रूपानं येतं आणि शांताच्या हाती त्याच्याविरुद्ध फक्त एक गोधडी असते.

आणखी एक गोष्ट तुम्ही जाता जाता सुचवलीत. दव पडू लागल्याचं वर्णन मी पहिल्याच परिच्छेदात केलं होतं. तुम्ही म्हणालात, वाचक ते तिथे वाचेल आणि पुढे जाईल, तिचा हात कापसाला लागतो तिथे न्या. मी नेलं. आता तिथे असं आहे: "वरचा थर गार लागला. तिनं हात कोपरापर्यंत आत खुपसला. आत दुपारचं ऊन अजून शिल्लक होतं." वर्णन तेच, पण आता ते शांताला हाताला कळतं आणि तिच्याबरोबरच वाचकालाही. ग्रेडरच्या मनात काय चाललंय ते सांगा, असं मला पूर्वी कितीदा सुचवलं गेलं होतं. तुम्ही म्हणालात, शांताला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसू द्या. माडगूळकरांच्याच 'बनगरवाडी' कादंबरीतलं गाव आपण त्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनीच पाहतो, तरी ते गाव आपल्याला अपुरं वाटत नाही.

पण हे सगळं एखाद्या चांगल्या समीक्षकानंही सांगितलं असतं. मी ज्याच्यासाठी तुमची आयुष्यभर ऋणी राहीन, ती गोष्ट अगदी छोटी आहे.

अक्षरजुळणी होताना कुणीतरी शांताची ती ओळ 'सुधारली' होती. "दव पडतंय ना, मग मी झोपू कशी?" मूळ प्रतीशी ताडून पाहताना ते तुमच्या लक्षात आलं. तुम्ही वॉट्सअ‍ॅपवर त्या पानाचा फोटो पाठवलात. कोपऱ्यात तुमचा अंगठा आला होता, नखाजवळ लाल शाई लागलेली. छापील ओळीवर काट मारलेली होती, समासात तुमच्या सुवाच्य अक्षरात माझी मूळ ओळ होती आणि खाली लिहिलं होतं, "मूळ प्रतीप्रमाणे. पात्राची भाषा."

तेवढ्यावर तुम्ही थांबला असता तरी पुष्कळ होतं. पण पाठोपाठ फोन आला. "ताई, ही ओळ मला एकदा म्हणून दाखवा. बाई 'बाप्पा'च्या आधी थांबते की नंतर? स्वल्पविराम कुठे देऊ?"

मी स्वयंपाकघरात होते, कढईत फोडणी होती. गॅस बंद केला आणि शांता जशी म्हणेल तशी ती ओळ म्हटली. तुम्ही पलीकडून हळूच म्हणून पाहिलीत. हेल जमला नाही. पुन्हा म्हणायला लावलीत. मग तुम्ही परत म्हटलीत आणि म्हणालात, "हां, आधी थांबते. 'ना'नंतर." आणि स्वल्पविराम दिलात.

मला माझ्या कथेचा सारांश पुष्कळांनी विचारला, संदेशही विचारला. माझी बाई श्वास कुठे घेते, हे मात्र तोवर कुणीच विचारलं नव्हतं. जी बाई तुमच्या ओळखीची नाही, जी मी कागदावर उभी केलेली आहे, तिच्या तोंडात आपला शब्द जाऊ नये म्हणून तुम्ही एवढी काळजी घेतलीत. कथेत पात्र जिवंत असावं म्हणतात. माझं पात्र त्या संध्याकाळी फोनच्या दोन्ही टोकांना जिवंत होतं.

सज्जनपणा म्हणजे मोठा त्याग, असं आपण उगीच मानतो. आपल्याला जे ठाऊक नाही ते न लाजता विचारणं आणि ज्याचं त्याला त्याच्या शब्दांत बोलू देणं, एवढं जरी लोकांनी केलं तरी किती जणांची लिहिण्याची उमेद टिकेल. कार्यशाळेत माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीनं कथा दप्तरात घातली ती घातलीच. तिला तुम्ही भेटायला हवे होतात.

१९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून आपल्याकडे ही परंपरा चालू आहे. लेखकांची नावं छापतात, चित्रकारांची छापतात, जाहिरातदारांची तर पानभर असतात. माझ्या कथेच्या अंकात तुमचं नाव कुठेही नाही, मी पानन् पान पाहिलं. संपादकांना मी आजच पत्र टाकलं आहे की पुढच्या वर्षीपासून श्रेयनामावलीत मुद्रितशोधकांचं नाव द्या. तुम्ही फोनवर "असलं काही करू नका" म्हणाला होतात, ते माझ्या लक्षात आहे. या एका बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही.

तुमची कृतज्ञ,
शांताची लेखिका