मॅडम, 'पुसू नका' म्हणालात त्याबद्दल

मॅडम, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या तासानंतर सगळे तुमच्याभोवती घोळका करून उभे होते आणि मी पिशवी उचलून गुपचूप सटकलो. तुम्हाला कदाचित विचित्र वाटलं असेल. खरं सांगायचं तर तोंड उघडलं असतं तर शब्द फुटले नसते, आणि बेचाळीस वर्षांच्या बाप्याने गणिताच्या वर्गात डोळे पुसत उभं राहणं काही बरं दिसत नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण हे ज्यांच्या कानावर पडायला हवं असे तुमच्याखेरीज आणखीही काही जण आहेत.

आधी त्यांचंच सांगतो. मी सोळा-सतरा वर्षांचा असताना आमच्या गणिताच्या सरांनी एके दिवशी फळ्यावर 'आय' काढला आणि म्हणाले, "आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. लिहून घ्या." आदल्याच वर्षी आमच्याकडून घोकून घेतलं होतं की कुठल्याही संख्येचा वर्ग ऋण येत नाही, तेव्हा ऋण संख्येला वर्गमूळ नाही. वर्गसमीकरणात विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमूळाखाली येणारी संख्या, ऋण आला की 'वास्तव मुळे नाहीत' असं लिहायचं, खाली रेघ मारायची, पैकीच्या पैकी गुण. मी हात वर केला. "सर, पण असं वर्गमूळ नसतंच ना?" सर म्हणाले, "आता असतं." वर्ग हसला. मी तरी गप्प बसावं की नाही! विचारलं, मग गेल्या वर्षी खोटं शिकवलं होतं का? त्यावर सरांनी खडू खाली ठेवला आणि सावकाश म्हणाले, "तुझ्या डोक्यात जेवढं मावत होतं, तेवढं शिकवलं होतं."

त्या दिवशी वर्ग किती वेळ हसला ते सांगत नाही. मी मात्र त्यानंतर गणिताच्या तासाला हात वर केला नाही. परीक्षेपुरतं पाठ केलं, पास झालो, आणि विषय सोडून दिला. पंचवीस वर्षं माझी पक्की समजूत होती की गणितातलं 'काल्पनिक' प्रकरण हा हुशार लोकांनी आपापसात केलेला करार आहे आणि त्यात आपल्याला घेतलेलं नाही.

तुमच्या वर्गात पुन्हा येऊन का बसलो, त्याची कारणं सोडा. आलो.

पहिल्याच तासाला तुम्ही फळ्यावर दोन बाजूचा चौरस काढलात. क्षेत्रफळ चार. म्हणालात, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवाय, बाजू किती घ्याल? आधी अंदाज वहीत लिहा, आणि लिहिलेला खोडायचा नाही. बहुतेकांनी बाजू दुप्पट केली. तुम्ही काही न बोलता चारची बाजू घेऊन चौरस काढलात, तर त्यात मूळ चौरस चार बसले. दोन कमी पडते, चार जास्त होते, मग एकाने तीन सुचवलं. तीन त्रिक नऊ, आणि हवे होते आठ. तिथे सगळे गप्प झाले. एवढी शांतता झाल्यावर कुठे तुम्ही पहिल्या चौरसाचा कर्ण काढलात आणि विचारलंत, "ही बाजू घेतली तर?"

मग सांगितलंत की हाच प्रश्न सुमारे २४०० वर्षांपूर्वी सॉक्रेटिसने एका गुलाम पोराला विचारला होता, असं प्लेटोने लिहून ठेवलंय. ते पोरही आधी चार म्हणालं, मग तीन म्हणालं. "तेव्हा ही चूक चांगल्या घराण्यातली आहे," असं तुम्ही म्हणालात आणि वर्ग हसला. पंचवीस वर्षांनी मी गणिताच्या वर्गात इतरांबरोबर हसलो. त्या हसण्यात माझाही वाटा होता, हे लिहून ठेवतो.

पण पत्र त्यासाठी नाही. पत्र त्या चौकटीसाठी आहे.

तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, तुमच्यासाठी तो चारचौघांसारखा तास असेल. तुम्ही आम्हाला घन समीकरण सोडवायचं जुनं सूत्र दिलं होतं. त्याची पायरी न् पायरी इथे मांडत नाही, ज्यांना हवी ते शोधतील. आधी तुम्ही 'क्ष³ = ६क्ष + ९' दिलंत. सूत्रात घातलं तर आठचं घनमूळ अधिक एकचं घनमूळ, म्हणजे दोन अधिक एक, तीन. ताडून पाहिलं: सत्तावीस बरोबर अठरा अधिक नऊ. सूत्रावर सगळ्यांचा जीव जडला. मग तुम्ही लिहिलंत, 'क्ष³ = १५क्ष + ४', आणि म्हणालात, सूत्र राहू दे, नुसतं बघून उत्तर सांगा. कुणीतरी चार म्हणालं. चौसष्ट बरोबर साठ अधिक चार. बरोबर. "आता हाच चार सूत्रातून काढून दाखवा," म्हणत तुम्ही खडू माझ्यापुढे धरलात.

मी सूत्रात आकडे घातले. वर्गमूळाच्या चिन्हाखाली दोनाचा वर्ग वजा पाचाचा घन. चार वजा एकशे पंचवीस. उणे एकशे एकवीस.

माझा हात थांबला. पाठीमागे वर्ग बसलाय हे मानेला जाणवत होतं. वाटलं, झालं, पुन्हा तेच. वजाबाकी उलटी केली असणार, नाहीतर चिन्ह चुकलं असणार. मी डस्टर उचललं.

तुम्ही म्हणालात, "पुसू नका."

आवाज चढवला नाहीत, घाईही केली नाहीत. माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिलात, माझ्या हातातला खडू घेतलात आणि त्या उणे एकशे एकवीसच्या वर्गमूळाभोवती, माझ्याच तिरक्या अक्षरातल्या त्या ऐवजाभोवती, चारही बाजूंनी नीट चौकट आखलीत. तिच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंत: 'पुसू नये'. मग वर्गाकडे वळून म्हणालात, "यांची वजाबाकी बरोबर आहे. सूत्रही बरोबर आहे. उत्तर चार आहे, हे तर आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मग अडलंय कुठे?" आणि तास संपवलात! उत्तर न देता!

मॅडम, फळ्यावर 'पुसू नये' कशाखाली लिहितात? जे कामाचं आहे, उद्याही लागणार आहे, त्याच्याखाली. माझ्या अडखळण्याखाली ते कुणी लिहील, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पुढच्या तासाला आलो तर बाकीचा फळा स्वच्छ पुसलेला होता आणि कोपऱ्यात ती चौकट तशीच. पुसणाऱ्याने तिच्या कडेकडेने डस्टर इतकं जपून फिरवलं होतं की भोवती पांढरट वलय उमटलं होतं. मी दारातच क्षणभर उभा राहिलो.

मधले दोन दिवस मी त्याच विचारात होतो. वर्गसमीकरणात पळवाट होती. क्षचा वर्ग अधिक एक बरोबर शून्य असं विचारलं तर 'उत्तर नाही' म्हणून मोकळं होता येतं, आणि त्यात काही चूकही नाही. इथे पळायला जागाच नव्हती. उत्तर समोर हात जोडून उभं, आणि त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता मात्र 'असं काही नसतंच' म्हणून मी पंचवीस वर्षांपूर्वी बंद केलेल्या दारातून जात होता. हेच जर मला सोळाव्या वर्षी कुणी दाखवलं असतं! एक समीकरण, एक तास. याहून जास्त काही लागलं नसतं.

त्या तासाला तुम्ही एवढंच म्हणालात, ज्याचा वर्ग उणे एक येतो असं काहीतरी आहे असं घटकाभर धरून चला, त्याला नाव नको, अर्थ नको. दोन अधिक ते काहीतरी, याचा घन करा. आम्ही केला. आठ आणि बारा आणि वजा सहा आणि वजा एक, असं जमवत जमवत आलं दोन अधिक अकरा वेळा ते काहीतरी. आणि अकराचा वर्ग एकशे एकवीस! म्हणजे माझ्या चौकटीतला ऐवज. सूत्रात उत्तर म्हणजे दोन घनमूळांची बेरीज, तेव्हा पहिलं घनमूळ दोन अधिक ते काहीतरी. दुसऱ्या घनमूळात तेच, फक्त वजा. दोन्हींची बेरीज केली तर ते काहीतरी एकमेकांना खाऊन गेलं आणि उरलं दोन अधिक दोन. चार. कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरच्या आजोबांनी "अरेच्चा!" म्हटलं, आणि तुम्ही पहिल्यांदा खुर्चीत टेकलात.

नंतर कळलं की हे समीकरण बोम्बेल्ली नावाच्या इटालियन गणितज्ञाचं, १५७२ सालचं. तो पेशाने अभियंता, दलदली उपसून जमीन मोकळी करणारा माणूस. त्याच्या आधी, १५४५ साली, कार्दानो या दुसऱ्या इटालियन गणितज्ञाने दहाचे असे दोन भाग पाडून दाखवले होते की गुणाकार चाळीस यावा. त्यात उणे पंधराचं वर्गमूळ आलं, तेव्हा हे जितकं सूक्ष्म तितकंच निरुपयोगी आहे अशा अर्थाचं काहीतरी म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं. आणि 'काल्पनिक' हे नाव १६३७ साली देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने चिकटवलं. (या नावाने किती पोरांचं नुकसान केलं असेल, त्याचा हिशेब कुणी तरी मांडायला हवा.)

मधल्या सुट्टीत मी तुम्हाला माझ्या त्या सरांची गोष्ट सांगितली. तुम्ही हसला नाहीत, त्यांना नावंही ठेवली नाहीत. म्हणालात, "तुम्ही जे विचारलंत ते भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलंय. ऋण संख्या हा कुणाचा वर्ग नाही, म्हणून तिला मूळ नाही. प्रश्न बरोबर होता तुमचा." एवढं बोलून तुम्ही पाणी प्यायला गेलात. मी तिथेच उभा राहिलो.

मी यावर बराच विचार केलाय. सरांनी आणि तुम्ही मला सांगितलं ते तसं एकच: तुला जे येतं ते पुरेसं नाही. सरांनी ते माझ्या डोक्याचं माप म्हणून सांगितलं. तुम्ही दाखवलंत की मोजपट्टी आखूड आहे, आणि ती आधी माझ्या हातात देऊन, मला स्वतःला मोजू देऊन दाखवलंत.

सगळ्यांना हे रुचलं नाही, हेही लिहायला हवं. एक जण तिसऱ्या तासानंतर आला नाही. जाताना म्हणाला, सरळ सांगायचं सोडून कोडी कसली घालतात. तुम्ही त्याला अडवलं नाहीत. आणि तुम्ही सगळंच असं शिकवत होतात असंही नाही. 'आय' हे अक्षर का, असं मी विचारलं तर म्हणालात, "ऑयलर नावाच्या गणितज्ञाने वापरलं, लोकांना सोयीचं वाटलं. यात शोधण्यासारखं काही नाही, लिहून घ्या." तेच 'लिहून घ्या', पण या वेळी मी आनंदाने लिहून घेतलं.

तुमच्यासारखं शिकवणं वाटतं तितकं सोपं नाही, याचा अनुभवही घेतला. पुतण्याला विचारलं, ०.२५ मोठा की ०.३? तो म्हणाला ०.२५, कारण पंचवीस तीनापेक्षा मोठे. मला इतका आनंद झाला की मी हसलो. त्याने वही मिटली. "काका, तुम्ही मुद्दाम फसवलंत." तेव्हा समजलं की आमचा अंदाज चुकल्यावर तुमच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसायचं नाही, ते उगाच नव्हतं. ज्याला माहीत आहे त्याने, ज्याला माहीत नाही त्याच्यासमोर कसं उभं राहावं, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय: खिडकीपलीकडचे, टेबलापलीकडचे, पांढऱ्या कोटातले. बहुतेकांना ती दोन मिनिटं फार गोड लागतात. तुम्हाला ती लागत नाहीत, किंवा लागत असली तरी तुम्ही ती चाखत नाही. पुतण्याची मी माफी मागितली. आता दहा काड्यांच्या जुड्या आणि सुट्ट्या काड्या घेऊन बसतो. तो अजून माझ्याकडे संशयाने बघतो.

जाता जाता तुम्ही फळ्यावर एक समीकरण सोडून गेलात: 'क्ष³ = ७क्ष + ६'. उत्तरं तिन्ही दिसतात, तीन, उणे एक आणि उणे दोन, सगळी पूर्णांक, सगळी साधी. सूत्रात घातलं तर मात्र वर्गमूळाखाली उणे शंभर छेद सत्तावीस. गेले आठ दिवस मी तिथेच आहे. घनमूळ काही सुटत नाही.

वहीत चौकट आखलीय. खाली 'पुसू नये' लिहिलंय.

आपला,
खिडकीजवळच्या बाकावरचा, डस्टर उचललेला