सृष्टीचा काळ आणि मानशीचे दार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्टमध्ये गोव्यातील अनेक गावांत कणसांचे फेस्त (सण) होते. राय येथे ५ ऑगस्टला आणि ताळगावात २१ ऑगस्टला नव्या भाताची पहिली कणसे कापून ती इगर्जीत (चर्चमध्ये) अर्पण केली जातात. आम्हा हिंदूंच्या घरी तशीच कणसे नव्याच्या पंचमीला दारावर बांधतात. त्याच सुमारास, १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या दिवसांत, जगभरातील अनेक ख्रिस्ती पंथ ‘सृष्टीचा काळ’ पाळतात. त्या निमित्ताने खाजन शेतीच्या गावात वाढलेल्या एका हिंदू वाचकाची ही विनंती आहे.

१ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ऑर्थोडॉक्स चर्चमधील कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क (मुख्य धर्मगुरू) दिमित्रिऑस यांनी १९८९ मध्ये ठरवला आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये तो कॅथलिकांसाठीही स्वीकारला. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो पोप जॉन पॉल दुसरे यांचा १ जानेवारी १९९० चा शांतता दिनाचा संदेश, कारण जगाच्या शांततेला धोका केवळ शस्त्रास्त्रांच्या स्पर्धेतून नव्हे, तर निसर्गाविषयीच्या अनादरातूनही निर्माण होतो, असे त्यात बजावले आहे. हे दूरच्या जगाचे बोलणे वाटत असेल त्यांनी मानशीच्या (बांधातील पाण्याच्या दरवाजाच्या) लिलावाच्या दिवशी एखाद्या खाजन गावात येऊन बसावे.

खाजन म्हणजे आपल्या पूर्वजांनी बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. मानशीची लाकडी दारे ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात आणि भरतीला पाण्याच्याच दाबाने मिटतात. मानशीवर मासे पकडण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. मासळी जास्त मिळावी म्हणून दारे भरतीच्या वेळी उघडी ठेवली की खारे पाणी शेतात शिरते, आणि कोरगूटसारखे खारे सोसणारे भातही अखेर हात टेकते. मग शेतकरी आणि ठेकेदार, कोमुनिदादचे (गावाची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे) गावकार म्हणजे सभासद आणि कुळे, अशी भांडणे पेटतात. काही कोर्टात जातात, काही घराच्या उंबऱ्यापर्यंत येतात. आमच्या वाड्यावर दोन भावांचे बोलणे एका फुटलेल्या बांधावरून बंद झाले ते अजून सुरू झालेले नाही. शेत दोन-चार वर्षे खाऱ्या पाण्याखाली राहिले की त्यात खारफुटी उगवते. बांधाबाहेर हीच खारफुटी लाटांचा मारा झेलून बांध वाचवते, पण आत ती वाढली की कायद्याचे संरक्षण तिला मिळते आणि शेत परत मिळवणे जवळजवळ अशक्य होते. ‘झाडे लावा’ एवढाच कार्यक्रम घेऊन येणाऱ्यांनी ही गोष्ट आधी समजून घ्यावी.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. गोव्याच्या माणसाला ‘राखण’ हा शब्द कोणी समजावून सांगायला नको. बांधावर कुठे खुरीस (क्रूस) उभा असतो, कुठे राखणदार देवाच्या नावाने पणती लावलेली असते, आणि पावसाळी रात्री बांधावरून जाणारा माणूस दोन्हींसमोर हात जोडतो. लेवीयच्या पुस्तकात सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा असेही सांगितले आहे. त्याचा आधार घेऊन पडीक शेताचे समर्थन कोणी करू नये, कारण विसावा दिलेल्या शेताचा बांध कोणी फुटू देत नाही. आपल्याकडे बरीच शेते पडीक आहेत ती भाव येण्याची वाट पाहत. वाडवडिलांचा द्राक्षमळा राजाला विकायला नकार देणाऱ्या बायबलमधल्या नाबोथाची गोष्ट यावर एका रविवारी प्रवचनात सांगितली गेली, तर ती ऐकायला मीसुद्धा मागच्या बाकावर येऊन बसेन.

माझी विनंती अशी की खाजन असलेल्या प्रत्येक गावातील इगर्जीने या काळात एक दिवस बांधाला द्यावा. पाद्री, देवस्थानाचे महाजन, कोमुनिदाद, कुळांची संघटना आणि मानशीचा ठेकेदार यांनी एकत्र बांधावरून चालून कुठे भोके पडली आहेत, कुठली दारे कुजली आहेत, हे पाहावे. दुरुस्ती पाऊस संपल्याशिवाय होणार नाही हे खरे, पण मातीचे काम उन्हाळ्यात करायचे तर माणसे आणि पैसा आत्ताच ठरवावा लागतो, नाहीतर मे उजाडतो आणि सरकारी कागद कुठल्यातरी टेबलावरच राहतो. तसेच, भरतीच्या वेळी दारे मिटलेली असतील, ही अट पुढच्या लिलावाच्या कागदात स्पष्ट लिहावी, आणि ती अट मिसानंतर (चर्चमधील प्रार्थनेनंतर) इगर्जीत व आरतीनंतर देवळाच्या मंडपात सर्वांना वाचून दाखवावी.

आपला,
एक वाचक, तिसवाडी