पोटऱ्या दुखतायत, लावणी झाली म्हणून सोडू नका

मा. संपादक,
स. न.

भातलावणीच्या दिवसात आमच्या सिंधुदुर्गात अंग दुखत नाही असा माणूस सापडायचा नाही, दिवसभर वाकून चिखलात तरवा लावायचा म्हणजे कंबर धरणारच, त्यामुळे कोणी दुखतंय म्हणाला तर घरात कोण लक्षपण देत नाही. गेल्या वर्षी काकांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या तेव्हा आम्हीपण तेच केलं. काकीने खोबरेल कोमट करून चोळायला घेतलं तर काका पाय मागे ओढायला लागले, हात लावू देईनात. कामाने भरून आलेला पाय चोळला की बरं वाटतं, इथे उलटंच होतं, पण तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. तापपण होता, तो दुकानातल्या दुखण्याच्या गोळीने उतरायचा आणि काका परत मळ्यात. चौथ्या दिवशी डोळे लालभडक, लघवी जेमतेम कपभर आणि कोऱ्या चहासारखी. तपासणीत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जंतूंनी होणारा ताप) निघाला, किडनीपर्यंत गेलेला, दोनदा डायलिसिस करावं लागलं.

हे जंतू उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून आत शिरतात. त्रास बहुतेक वेळा ५ ते १४ दिवसांनी सुरू होतो, म्हणजे लावणी आटपून घरी बसलेल्या माणसालासुद्धा! म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर चिखलात काम केलंय हे आधी सांगा. आणि दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने नकोच, दुखणं झाकलं जातं आणि त्यातल्या कितीतरी गोळ्या किडनीला त्रास देतात, जी लेप्टोने आधीच धोक्यात असते.

छातीचं पण असंच, गॅस झाला म्हणून सोडा पीत बसतात. छातीत दाब, घाम, कळ हातात नाहीतर जबड्यात जातेय तर लगेच १०८ ला फोन करा.

सगळ्यात मनाला लागतं ते हे की आशाताईंनी लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या घरी आणून दिलेल्या, आठवड्याला एकदा जेवून घ्यायच्या. आमच्याकडे त्या फळीवर तशाच राहिल्या. (गरोदर बायका आणि लहान मुलांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.)

माझी विनंती आहे की जून-जुलैत पेपरात रोज एक छोटी चौकट द्या, ताप आणि पोटऱ्या एकत्र दुखल्या तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा, एवढंच लिहा, पण मोठ्या अक्षरात.

काका आता बरे आहेत, यंदा परत मळ्यात उतरलेत. दर सोमवारी जेवण झालं की काकी गोळी हातावर ठेवते आणि ते गिळेपर्यंत समोरून हलत नाही.

आपला एक वाचक,
ता. कणकवली