गिअरबॉक्स उतरवण्याआधी

प्रिय विनू,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं आणि रात्री झोप लागेपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. तुझी ऑटोमॅटिक गाडी तापली की तिसऱ्या गिअरमध्ये अडकते, स्पीडोमीटरचा काटा एकदम शून्यावर येतो, बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ सुरळीत. आणि एवढ्यावरून गॅरेजवाल्याने सांगून टाकलं की गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. विनू, अजून होकार देऊ नकोस. आठवडाभर थांब, गाडी लांब नेऊ नकोस आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच.

हीच लक्षणं मी माझ्या गाडीत पाहिली आहेत, म्हणून एवढ्या खात्रीने लिहितोय. गिअर घसरत असता, म्हणजे इंजिन नुसतंच ओरडतंय आणि गाडी काही ओढत नाही असं होत असतं, तर मीही तुला गिअरबॉक्स उघडायलाच सांगितलं असतं. पण तुझा काटा पडतोय. गाडी किती वेगाने चालली आहे हे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला मधेच कळेनासं होतंय. वेगच कळला नाही तर कधी कोणता गिअर टाकायचा हे तो कशावरून ठरवणार? मग तो मधला एक गिअर, बऱ्याच गाड्यांत दुसरा किंवा तिसरा, धरून ठेवतो, म्हणजे निदान घरापर्यंत तरी पोचता येतं. याला लिंप मोड म्हणतात.

गिअरबॉक्सवर साधारण दोन स्पीड सेन्सर असतात. एक आत येणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजतो, दुसरा बाहेर जाणाऱ्या शाफ्टचे. दोन्ही आकड्यांचं गुणोत्तर काढलं की कोणता गिअर खरोखर लागलाय ते कॉम्प्युटरला समजतं. तुझी लक्षणं मला बाहेरच्या, म्हणजे आउटपुट सेन्सरकडे बोट दाखवताना दिसतात. पण माझ्या दिसण्यावर जाऊ नकोस, मोजून बघ.

आधी स्कॅनर, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लाव. नुसत्या इंजिनाचे कोड वाचणारा स्वस्तातला नको, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी बोलणारा हवा. नाहीतर पी०७०० एवढंच दिसेल, आणि त्याचा अर्थ फक्त 'गिअरबॉक्सकडे तक्रार आहे, तिकडे विचारा' असा असतो. तिकडे विचारलंस की पी०७१५ आला तर इनपुट सेन्सरचं सर्किट, पी०७२० आला तर आउटपुटचं. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. तो एकटाच आला तर मात्र प्रकरण गंभीर असू शकतं. जे कोड येतील ते आधी वहीत उतरव, मगच पुस. पुसून टाकलेला कोड म्हणजे हातचा गेलेला साक्षीदार.

मग धाकट्या भावाला शेजारी बसव, तू गाडी चालव आणि त्याला स्क्रीनवर आउटपुटचा आकडा बघायला सांग. एकसारख्या वेगात आकडा अचानक शून्यावर येऊन पुन्हा उडी मारून जागेवर येत असेल, तर एवढं नक्की समज की शाफ्ट काही थांबलेला नाही. एक तर सेन्सर दमलाय, नाहीतर त्याची वायर.

इथे मी चुकलो होतो, ते तुला सांगतो. माझ्याकडे पी०७२० आला, मी त्याच दिवशी नवा सेन्सर आणून बसवला. दोन दिवस गाडी छान चालली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तिसऱ्यात अडकली. फार निराश झालो होतो तेव्हा. मग कनेक्टर काढून बॅटरीच्या उजेडात नीट पाहिला. दोनपैकी एका पिनच्या मुळाशी हिरवट बुरशीसारखा थर, आणि समोरच्या बाजूची पितळी पट्टी इतकी सैल झालेली की पिन नुसती टेकत होती, धरत नव्हती. थंड असताना संपर्क यायचा, तापून धातू फुगला की जायचा. जुना सेन्सर मीटरवर तपासला तर ठणठणीत निघाला. कोड सर्किटकडे बोट दाखवतो. सर्किटात सेन्सर असतो, वायर असते, कनेक्टरही असतो.

म्हणून नवा सेन्सर आणायच्या आधी मल्टिमीटर घे. सेन्सरला दोनच वायरी असतील तर तो बहुधा आत कॉइल असलेला. त्याचा रेझिस्टन्स थंड असताना मोज, आकडा लिहून ठेव, मग गाडी चांगली फिरवून आण आणि तापलेला मोज. बहुतेक असे सेन्सर काहीशे ते एक-दोन हजार ओहमच्या दरम्यान असतात, पण तुझ्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल, तोच खरा. तापल्यावर थोडा वाढणं साहजिक आहे. तापल्यावर मीटर अनंत दाखवायला लागला तर आतली बारीक तार कुठेतरी तुटली आहे आणि गरम झाली की उघडते आहे. तुझ्या तक्रारीशी हे इतकं जुळतं की मला त्याचाच दाट संशय आहे. तीन वायरी असतील तर तो बहुधा हॉल सेन्सर, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला. त्याचे ओहम मोजून काही कळत नाही, उलट नुकसान व्हायचं. तिथे चावी ऑन करून कनेक्टरवर व्होल्टेज येतंय का, अर्थिंग नीट आहे का, एवढं बघ.

सेन्सर बदलायचंच ठरलं तर काम अर्ध्या तासाचं आहे, जर तो बाहेरून बसवलेला असेल तर. काही गाड्यांत तो आत, व्हॉल्व्ह बॉडीवर (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागावर) असतो आणि त्यासाठी चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं, उतरवावाच लागतो. आजूबाजूची माती आधी ब्रशने आणि फडक्याने साफ कर, कारण सेन्सर निघाला की तिथे गिअरबॉक्सचं उघडं भोक राहतं. एकच बोल्ट असतो. सेन्सर हलके हलके डावी-उजवीकडे फिरवत बाहेर ओढ. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नकोस, प्लास्टिकची मान तुटून टोक आतच राहतं. बाहेर आला की त्याच्या नाकाकडे बघ. तिथे लोखंडाची बारीक भुकटी दाढीच्या खुंटांसारखी उभी असेल. कॉइलवाल्या सेन्सरमध्ये चुंबक असतो, तो वर्षानुवर्षं ती गोळा करत राहतो. थर जाड झाला की सिग्नल अशक्त होतो. कधी कधी तो पुसला एवढ्यानेच काम भागतं.

नव्या सेन्सरच्या ओरिंगला, म्हणजे रबरी कडीला, गिअरबॉक्सचंच ऑइल चोपड आणि सेन्सर हाताने दाबून पूर्ण बसव. बोल्ट आवळून त्याला आत ओढून घ्यायचं नाही. आणि आवळताना मनगट सैल ठेव, गिअरबॉक्सची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. आटे गेले तर अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं. १० न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे छोट्या पान्याने दोन बोटांचा जोर.

आता ऑइल. सेन्सरच्या नाकावर भुकटी सापडली की माझ्या मते ऑइलही बदलायलाच हवं. तू लिहिलंयस की तुझ्या गाडीचं ऑइल 'आयुष्यभराचं' आहे असं तुला सांगितलं. मला हे कधीच पटलं नाही. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी मोठी कंपनी, तीसुद्धा तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल लाखभर किलोमीटरच्या आसपास किंवा ८ वर्षांनी बदला म्हणते. हे ऑइल एकाच वेळी किती कामं करतं बघ: गिअरांना वंगण देतं, क्लच दाबायला दाब पुरवतं, उष्णता वाहून नेतं, शिवाय क्लचच्या प्लेटा किती घसराव्या आणि कधी पकडाव्या हेही त्यातल्या रसायनांवर ठरतं. एके काळी या शेवटच्या गुणासाठी त्यात चक्क स्पर्म व्हेल या सागरी सस्तन प्राण्याचं तेल घालत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आल्यावर दुसरे पदार्थ शोधावे लागले. म्हणून 'लाल रंगाचं कुठलंही चालतं' असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. मॅन्युअलमध्ये जे नाव आणि जो आकडा छापलाय तेच ऑइल. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) वेगळं, ड्युअल क्लचचं (दोन क्लच असलेल्याचं) वेगळं. तुझा गिअरबॉक्स सहा गिअरचा साधा टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनाचा जोर ऑइलमधून पुढे देणारा, आहे, त्यामुळे मी पुढे लिहितोय ते त्यालाच लागू.

गाडीखाली जायचं आहे, तेव्हा एक गोष्ट मला वचन दिल्यासारखी पाळ. जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही. चारही बाजूंना स्टँड, सपाट पक्की जमीन, आणि वर चढवल्यावर गाडीला जोरात हलवून बघायचं. भावाला जवळ थांबव. लेव्हल बघताना इंजिन चालू राहणार, म्हणून हे काम मोकळ्या हवेतच कर. बंद जागेत धुराने माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

सगळ्यात आधी भरायचा प्लग उघड. काढायचा नव्हे, भरायचा! तो गंजून बसलेला असेल आणि तू ऑइल आधीच काढून मोकळा झालास, तर गाडी जागची हलवता येणार नाही. तो सुटला की मग खालचा. ऑइल कोमट असू दे, उकळतं नको. निघालेलं सगळं मापाच्या भांड्यात धर आणि आकडा लिही. चेंबर उतरवताना एका कोपऱ्यातले दोन बोल्ट शेवटपर्यंत ठेव, म्हणजे तो तिरका होऊन उरलेलं ऑइल एका बाजूने ओघळेल.

चेंबरच्या तळाशी चुंबक असतात. त्यांच्यावरचा करडा लगदा चिमटीत घेऊन चोळ. काजळासारखा मऊ लागला तर निश्चिंत हो, ती रोजची झीज आहे. बोटांना टोचलं, चमकदार कपच्या किंवा क्लचच्या काळ्या खपल्या सापडल्या, ऑइलला जळका वास आला, तर तिथेच थांब. मग तो गॅरेजवाला म्हणतो ते बरोबर आहे आणि मी माझं म्हणणं मागे घेतो.

सगळं ठीक असेल तर नवा फिल्टर, नवं पॅकिंग, आणि बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे असे दोन फेऱ्यांत आवळ. जेवढं निघालं तेवढंच सुरुवातीला भर. असं केल्याने साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं ऑइलच बदलतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा काढ-भर कर. मशीनने दाब देऊन सगळं धुऊन काढण्याच्या फंदात मी पडलो नसतो, विशेषतः वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गिअरबॉक्सला.

लेव्हलवर मात्र घाई करू नकोस. सेन्सर नीट बसवूनही लोक इथे फसतात. तुझ्या गाडीला डिपस्टिक नाही, लेव्हल प्लग आहे. ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी अशी प्रत्येक जागा काही सेकंद लाव आणि परत पी वर आण. स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत राहा. मॅन्युअलमध्ये एक पट्टा दिलेला असतो, बऱ्याच गाड्यांत ३० ते ५० अंशांच्या मधला कुठला तरी. तेवढं झालं की इंजिन चालू ठेवूनच लेव्हल प्लग उघडायचा. (काही कंपन्या इंजिन बंद करून बघायला सांगतात, तुझं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी वाच.) बारीक धार लागेल, ती थेंबांवर आली की प्लग बंद. जास्त गरम असताना उघडलास तर ऑइल फुगलेलं असल्याने जास्त वाहून जाईल आणि थंड झाल्यावर कमी पडेल. अजिबात आलंच नाही तर येईपर्यंत थोडं थोडं वरून भरत राहा.

पहिले काही दिवस गिअर थोडे वेगळे पडतील, कॉम्प्युटर नव्याने जुळवून घेत असतो. हळू चालव. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडे दे, गटारात ओतू नकोस.

या शनिवारी फक्त स्कॅनर आणि मीटर एवढंच कर. कोड, थंड-गरम दोन्ही रेझिस्टन्स आणि कनेक्टरचा जवळून काढलेला फोटो मला पाठव. दिवसभर फोन हाताशी ठेवतो. त्यावरून पुढे चेंबरला हात लावायचा का, ते दोघं मिळून ठरवू.

तुझाच,
सुधीर

ता.क. दोन्ही प्लगचे वॉशर नवे आणून ठेव. जुनेच परत लावले तर थेंब थेंब गळतं, आणि मग इतक्या काळजीने बसवलेली लेव्हल महिनाभरात खाली जाते.