पावडरचा डबा आणि मुगागाठी

मडगाव

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर बोललं की बाबा "हो, हो" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. लिहिलेलं मात्र जपून ठेवतात, म्हणून हा कागद.

बाबा, पोटासाठी आणलेला तो पावडरचा डबा फोडला नसेल तर परत करून टाका. वस्तू खोटी आहे असं नाही. त्यावर जे इन्युलिन लिहिलंय, म्हणजे एक प्रकारचा तंतू, ते बहुतेक वेळा चिकोरीच्या मुळांतून काढतात; तुमच्या कॉफीत असते तीच चिकोरी. लहान आतड्यात ते पचत नाही, जसंच्या तसं मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं होतं. ते आंबवताना जी आम्लं तयार होतात, त्यांतलं ब्युटिरेट आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. पण याच जातीचे तंतू कांद्यात, लसणीत, गव्हातही असतात. मग डब्याला एवढे पैसे कशाला?

रोज रात्री घेता ते इसबगोल चालू ठेवा, फक्त पेलाभर पाणी हवंच, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोनेक तास लांब. ते पाणी धरून पोट साफ करतं, पण जिवाणूंना त्यातलं फारसं काही लागत नाही. ते काम कडधान्यांचं. अळसांदे (आपली चवळी), चणे, वाटाणे, मूग. अळसांद्याचं तोणाक, म्हणजे रस्सा, खाल्ल्यावर तुम्हाला वारा धरतो तो त्यातल्या न पचणाऱ्या साखरा जिवाणू आंबवतात म्हणून. तेव्हा आई, रात्रभर भिजवलेलं पाणी ओतून टाक आणि सुरुवातीला दोन डाव पुरेत. पोटाला सवय होऊ दे, मग वाढव. एकदम वाढवलंस तर बाबा दुसऱ्या दिवशी माझ्याच नावाने शंख करतील.

श्रावणात कांदा-लसूण बंद झाली तरी मोडाच्या मुगाच्या मुगागाठी असतातच. मोड आले की त्या साखरा कमी होतात, म्हणून पोटाला हलक्या. फक्त तू ताटात मूग घेऊन एकेक साल सोडवत बसतेस ना, ते थोडं कमी कर. दिसायला बरं नाही म्हणशील, पण तेवढेच तंतू पोटात जातील.

उकड्या तांदळाची पेज मात्र बाबा, तुम्ही हवी तेवढी घ्या. शिजलेला भात थंड झाला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो, परत गरम केला तरी बराचसा तसाच राहतो. फरक थोडाच, चमत्कार नव्हे. आणि रात्रीचा भात सकाळपर्यंत टोपात बाहेर ठेवायची ती आपली जुनी सवय सोडा. आपल्या दमट हवेत भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष नंतर उकळूनही जात नाही. निवला की लगेच फ्रीजमध्ये.

केळी आणाल तेव्हा पिकून काळी पडलेली नकोत, थोडी कचवट बघून घ्या; त्यांतही तसाच न पचणारा स्टार्च असतो. आईची साखर बघता तिला एका वेळी अर्धंच.

दाताच्या वेळचा अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यापासून बाबांचं पोट बिघडलंय, ते अजून तसंच असेल तर यातलं काही करत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

रविवारी येते. मुगागाठी करून ठेव, सालीसकट.

तुमची,
बाय