रात्री दोन वाजता पक्षी का गातो

प्रिय मित्रा,

फोनवर तू विचारलंस की तुझ्या खिडकीबाहेर रात्री दोन वाजता पक्षी गातो, त्याला काही झालंय का. तेव्हा नीट बोलता आलं नाही, आणि हा विषय माझ्या इतका जवळचा आहे की दोन वाक्यांत उरकायची इच्छाही नव्हती. म्हणून हे पत्र.

आधी काळजी सोड, तो आजारी नाहीये. गाणं हे पक्ष्याचं काम असतं रे. बऱ्याच जातींत नर गातो आणि दोनच गोष्टी सांगत असतो, बाकीच्या नरांना सांगतो की ही जागा माझी आणि मादीला सांगतो की मी इथे आहे. आता हे कुणाला ऐकूच गेलं नाही तर सगळी मेहनत फुकट, म्हणून तर पहाटे एवढा किलबिलाट असतो, तेव्हा वारा पडलेला असतो, आवाज लांब जातो आणि अंधारात किडे शोधणं तसंही अवघड असतं.

रात्री ओरडणारे पक्षी मुळात असतातच, घुबड, रातवा, टिटवी, त्यांचं सोड. कोकीळही रात्रीबेरात्री सुरू होतो. युरोपातला नाइटिंगेल तर त्यासाठीच प्रसिद्ध, आणि त्यात एक गंमत आहे, रात्रभर गाणारे नर बहुतेक एकटे असतात. माद्या रात्रीच्या प्रवासात वरून जात असतात आणि हा खालून त्यांना हाका मारत असतो, जोडी जमली की रात्रीचं गाणं बरंचसं थांबतं. अमेरिकेतल्या मॉकिंगबर्डचंही तसंच, एकटा नर चांदण्या रात्री गात बसतो. तुझ्याकडचाही असा कुणी एकटा असू शकतो.

पण शहरात वेगळंच काहीतरी घडतंय, दिवसाचे पक्षी रात्री गायला लागलेत. कुणालाही विचार, पटकन रस्त्यावरच्या दिव्याकडे बोट दाखवतील, बिचाऱ्याला दिवस उगवल्यासारखं वाटतं म्हणून. २००७ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात रॉबिन पक्ष्यांवर अभ्यास झाला, रात्री ते कुठे गातात आणि कुठे नाही ते पाहिलं, तिथला रात्रीचा उजेड मोजला आणि दिवसाचा गोंगाटही मोजला. निघालं काय, तर जिथे दिवसा गोंगाट जास्त तिथे रॉबिन रात्री गातात, आणि उजेडाचा संबंध त्यामानाने खूपच कमी! म्हणजे ट्रॅफिकमध्ये दिवसभर त्याचं कुणी ऐकत नाही म्हणून तो शांततेची वेळ शोधतो, आणि ती शांतता शहरात फक्त मध्यरात्री मिळते. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं. बाकीचे पक्षीही आपापल्या परीने झगडतायत, बर्लिनमधले नाइटिंगेल गोंगाटात आवाज चढवतात, हॉलंडमध्ये लायडनचे ग्रेट टिट गाड्यांच्या घरघरीच्या वर जाईल अशा बारीक पट्टीत गातात.

उजेडाचं काहीच नाही असं मात्र समजू नकोस. पक्ष्यांना प्रकाश फक्त डोळ्यांनी कळत नाही, कवटीतून आत गेलेला उजेडही मेंदूतल्या पेशींना जाणवतो, आणि रात्री वाढणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक उजेडात कमी होतं, मग शरीराचं घड्याळच हलतं. म्युनिकच्या ब्लॅकबर्डवर प्रयोग केला होता, रात्रभर फक्त ०.३ लक्स उजेड, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याच्या आसपास, आणि तेवढ्यानेसुद्धा त्यांचं शरीर विणीच्या हंगामासाठी जवळजवळ महिनाभर आधी तयार झालं. २०२५ मध्ये जगभरच्या लाखो रेकॉर्डिंग्जचा अभ्यास आला, त्यात उजेड जास्त असलेल्या जागी दिवसा वावरणाऱ्या पक्ष्यांचा दिवस सरासरी ५० मिनिटांनी लांबलेला दिसला, सकाळी लवकर सुरू आणि संध्याकाळी उशिरा बंद.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते व्हिएन्नाजवळच्या जंगलातलं, २०१० चा अभ्यास. ब्लू टिटच्या माद्या पहाटे लवकर गाणाऱ्या नराला दमदार समजतात, कारण लवकर उठून गायला अंगात ताकद लागते. पण दिव्यांजवळ राहणारे नर उजेडामुळेच लवकर गायला लागले आणि शेजारच्या माद्यांकडून त्यांना जास्त पिल्लं झाली, अगदी पहिल्याच वर्षीच्या कोवळ्या नरांनासुद्धा. इतक्या पिढ्यांपासून चालत आलेली पारख आपण एका खांबाने बिघडवली बघ.

तरी मला आशा वाटते ती २०२० मुळे. लॉकडाऊनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतला ट्रॅफिक थांबला आणि तिथले व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो लगेच हळू आवाजात आणि खालच्या सुरात गायला लागले, आवाज कमी करूनही गाणं आधीपेक्षा दुप्पट लांब ऐकू जायला लागलं. आपण जरा गप्प बसलो की ते लगेच सावरतात, हे मला प्रचंड महत्त्वाचं वाटतं.

ट्रॅफिक तुझ्या हातात नाही, दिवा आहे. बाल्कनीतला पांढरा बल्ब रात्रभर जळत असेल तर बंद कर, लागतच असेल तर पिवळसर आणि कमी वॅटचा लाव, वरून झाकलेला, उजेड फक्त जमिनीवर पडेल असा, नाहीतर सेन्सरवाला घे जो कुणी आलं तरच पेटतो. बिल्डिंगच्या गेटवरच्या फोकसचं तोंड झाडाकडे असेल तर ते खाली वळवायलाही सांग, दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी कुणाला पैसेही द्यावे लागणार नाहीत.

आणि हो, आता गायला लागला की मोबाईलवर दोनेक मिनिटं रेकॉर्ड कर, घाईत खिडकी उघडू नकोस, उडून जाईल. किती वाजले होते आणि आसपास दिवा चालू होता का एवढं लिहून पाठव, कुठला पक्षी आहे ते आपण दोघं मिळून शोधू.

तुझाच,
जुना मित्र